बरण्या रिकाम्या करण्यापूर्वी नोंदवही उघडा

ठाण्यातील एका विज्ञान महाविद्यालयाच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य, व्यवस्थापन समिती यांस,

सविनय नमस्कार.

प्राणिशास्त्र विभागाचे संग्रहालय बंद करून त्या खोलीत संगणक कक्ष उभारावा आणि तिथल्या नमुन्यांच्या बरण्या कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराच्या हवाली कराव्यात, असा निर्णय आपण घेतल्याचे मला एप्रिल महिन्यात कळले. त्यानंतर मी आपल्याला दोन पत्रे लिहिली. पहिल्या पत्राची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही नाही, म्हणून हे तिसरे पत्र उघडपणे लिहीत आहे. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. ज्या संस्थेच्या पगारावर माझे घर चालले तिची चारचौघांत शोभा करण्याची मला इच्छा नाही. शिवाय अशा खोल्या आणि अशा बरण्या ठाण्या-मुंबईतल्या आणखीही जुन्या महाविद्यालयांत आहेत, आणि त्यांच्या व्यवस्थापनांनीही हे पत्र आपल्यालाच आले आहे असे समजून वाचावे.

मी १९७९ मध्ये आपल्या विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू झाले आणि २०१३ मध्ये निवृत्त झाले. या ३४ वर्षांत संग्रहालयाची किल्ली माझ्याकडे होती. दर जूनमध्ये, वर्ग सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक बरणीचे झाकण उघडून उडून गेलेले स्पिरिट भरणे, गढूळ झालेले द्रावण बदलणे, झाकणाच्या कडेला व्हॅसलीन लावून ते पुन्हा घट्ट बसवणे आणि ज्या चिठ्ठीची अक्षरे पुसट झाली असतील ती काळ्या ड्रॉइंग शाईने नव्याने लिहून आत टाकणे, हे माझे काम होते. जुनी चिठ्ठी कधीही फेकायची नाही, असा आमच्या विभागप्रमुख सरांचा दंडक होता. त्यामुळे काही बरण्यांत प्राण्याशेजारी तीन-तीन चिठ्ठ्या तरंगताना दिसतील. तो गबाळेपणा नव्हे. एकूण ३१२ बरण्या आणि त्या सर्वांची मिळून एक लांबट, कापडी बांधणीची नोंदवही, असा तो संग्रह होता. माझे दुखणे बरण्यांपेक्षाही त्या नोंदवहीचे अधिक आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या ३१२ पैकी दीडशे तरी बरण्या शिकवण्यापुरत्या विकत आणलेल्या होत्या. तारामासे, जेलीफिश, पंख पसरून पुठ्ठ्यावर बांधलेला उडता सरडा. त्यांच्यावर ना ठिकाण, ना तारीख. त्यांची चांगली छायाचित्रे आणि प्रतिकृती आज सहज मिळतात, आणि त्यांच्यासाठी मी आपल्याशी भांडणार नाही. माझे भांडण ज्या बरण्यांना ठिकाण आणि तारीख आहे त्यांच्यासाठी आहे. त्यांतही क्रमांक १०१ ते १३९ या ३९ बरण्यांबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण त्या मला सर्वांत जवळून माहीत आहेत. त्या सापसुरळ्यांच्या बरण्या आहेत.

सापसुरळी म्हणजे आपल्याकडे जिला सापाची मावशी म्हणतात ती. चकचकीत गुळगुळीत अंग, आखूड पाय, चाहूल लागताच पाचोळ्यात सळकन नाहीशी होणारी. येऊरच्या वाटेवर ती आजही दिसते, आणि आमच्या चरईत जुने वाडे होते तेव्हा पावसाळ्यात परसातल्या दगडांखालीही सापडत असे. जगात या कुलाच्या १,७०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. सरड्या-पालींच्या जगातले हे सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातल्या काही सापसुरळ्यांनी वाळवंटात घर केले, आणि आपल्या संग्रहालयात थरच्या वाळवंटातल्या सहा सापसुरळ्या आहेत. त्या तिथे कशा आल्या, हे सांगू शकणारी बहुधा मी एकटीच उरले आहे.

१९८३ च्या ऑक्टोबरअखेर, दिवाळीच्या सुट्टीत, विभागाची अभ्यास सहल राजस्थानला गेली. वर्गात सात मुली होत्या आणि त्यांच्यासोबत कोणीतरी बाई हवी म्हणून मला नेण्यात आले. विज्ञानाशी माझ्या निवडीचा एवढाच संबंध. जोधपूरहून मीटरगेजच्या गाडीने आम्ही ओसियांला उतरलो. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर पहाटे पाहिले तर कोणी बोटाने नागमोडी रेघ ओढत गेल्यासारखा माग दिसे. रेघ जिथे अचानक संपे तिथे दोन्ही हातांनी भराभर वाळू उपसायची. दहातल्या आठ वेळा हाती वाळूच येई. उरलेल्या दोन वेळा हाती यायची ती वीतभराहून थोडी कमी, फिकट पिवळसर, पाचरीसारख्या नाकाची आणि चारही पायांना तीन-तीनच बोटे असलेली सापसुरळी. ती वाळूवरून पळत नाही, वाळूच्या पृष्ठभागाच्या जरा खालून पोहत जाते. हकिमांच्या औषधांत रेगमाही, म्हणजे वाळूतली मासळी, म्हणून जे वाळवून विकले जाते ते याच प्रकारचे प्राणी. (त्या काळी आम्ही जे धरले ते आज कोणत्याही विद्यार्थ्याने परवानगीशिवाय धरू नये, असेच माझे मत आहे. पण ते धरले गेले, मेले, आणि आता बरणीत आहेत. त्यांचे काय करायचे हा प्रश्न निराळा आहे.)

सहापैकी चार सापसुरळ्या त्याच संध्याकाळी रिवाजाप्रमाणे फॉर्मॅलिनमध्ये गेल्या. परतीच्या गाडीत फॉर्मॅलिनची बाटली फुटली. डबाभर डोळे झोंबायला लागले, सहप्रवाशांनी आम्हाला जे सुनवायचे ते सुनवले, आणि सरांनी मला. बाटली माझ्या पिशवीत होती. उरलेल्या दोन सापसुरळ्यांसाठी जोधपूरच्या एका महाविद्यालयातून रेक्टिफाइड स्पिरिट मागून आणावे लागले. ठाण्याला परतल्यावर सरांनी नोंदवहीत क्रमांक ११६ पुढे ‘चार नमुने, फॉर्मॅलिन’ आणि क्रमांक ११७ पुढे ‘दोन नमुने, फॉर्मॅलिन नाही, फक्त स्पिरिट’ असे माझ्याकडून लिहून घेतले. ते शिक्षा दिल्यासारखे लिहून घेतले होते, असे मला तेव्हा वाटले.

त्या ओळीची किंमत मला २०१९ साली कळली. आपल्याच विभागात शिकलेली एक विद्यार्थिनी आता सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डीएनएवर काम करते. ती भेटायला आली होती. तिने समजावून सांगितले ते असे. फॉर्मॅलिन शरीराचा आकार उत्तम टिकवते, पण पेशीतली प्रथिने आणि डीएनए यांना एकमेकांत जखडून टाकते आणि डीएनएचे बारीक तुकडे पाडते. कडक स्पिरिटमध्ये ठेवलेल्या ऊतीतला डीएनए त्या मानाने पुष्कळ चांगला राहतो. म्हणजे सरांनी ज्या दोन नमुन्यांसाठी मला बोल लावला होता तेच दोन आज जनुकीय अभ्यासाला सर्वांत उपयोगी. फॉर्मॅलिनमधले चारही वाया गेलेले नाहीत. १९८४ मध्ये रसेल हिगुची आणि अॅलन विल्सन यांच्या गटाने क्वागा या नामशेष झालेल्या झेब्र्याच्या सुमारे १४० वर्षे जुन्या, संग्रहालयातल्या कातड्यातून डीएनए मिळवला होता. २०१५ मध्ये फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेल्या सुमारे ३० वर्षे जुन्या सरड्याच्या नमुन्यातून, आणि २०१७ मध्ये शंभराहून अधिक वर्षे जुन्या सापांच्या नमुन्यांतून जनुकीय माहिती वाचता आल्याचे प्रसिद्ध झाले. यकृताचा किंवा शेपटीचा तांदळाएवढा तुकडा पुरतो. बरणीतला प्राणी शाबूतच राहतो.

आता हा डीएनए वाचून मिळते काय, हा प्रश्न आपल्यापैकी एका सदस्यांनी मला तोंडी विचारला होता. प्रश्न रास्त होता आणि मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नव्हते. ते आता देते.

पहिली गोष्ट नात्याची. दिसण्यावरून ठरवलेले नाते फसवे निघते, आणि वाळवंटात तर फारच. वाळूत पोहायचे असेल तर अंग लांबते, पाय आखडतात, नाक पाचरीसारखे होते. वाळू ही अट सगळ्यांनाच घालते. ऑस्ट्रेलियातल्या लेरिस्टा या वंशात पाच बोटांच्या सापसुरळ्यांपासून एकही पाय नसलेल्यांपर्यंत सगळ्या पायऱ्या आहेत, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने दाखवून दिले की पाय गमावण्याची वाट तिथे वेगवेगळ्या शाखांनी स्वतंत्रपणे, अनेकदा चालली आहे. म्हणजे दोन बिनपायी सापसुरळ्या एकमेकींच्या बहिणी असतीलच असे नाही. आमच्या तीनबोटी सापसुरळीचा वंश ऑफिओमोरस. त्याची एक जात ग्रीसमध्ये पूर्णपणे बिनपायाची आहे, आणि पूर्वेकडे इराण, अफगाणिस्तान, सिंध करत थरपर्यंत यावे तर तीन-चार बोटांच्या जाती भेटतात. या रांगेत कोण कोणापासून कधी वेगळे झाले हे बोटे मोजून सांगता येत नाही.

घरातले उदाहरण हवे असेल तर ‘सापाची मावशी’ हेच नाव घ्या. २००५ च्या सुमारास जनुकांवरून जो वंशवृक्ष पुढे आला त्यात साप, घोरपड आणि कुंपणावरचा सरडा एका फांदीवर बसले आणि सापसुरळी त्या फांदीच्या बाहेर राहिली. म्हणजे डोके हलवणारा सरडा सापाला जितका जवळचा, तितकी ही मावशी नाही. मला या गोष्टीचे अजूनही नवल वाटते.

दुसरी गोष्ट नावांची. आमच्या चिठ्ठ्यांवर साध्या सापसुरळीचे नाव ‘माबुया कॅरिनाटा’ असे आहे. माबुया या एकाच वंशात आशिया, आफ्रिका आणि अमेरिका इथल्या सापसुरळ्या कोंबलेल्या होत्या. २००२ पासून डीएनएच्या आधारे तो फोडण्यात आला आणि आपली सापसुरळी युट्रोपिस झाली. पुढे २०१२ मध्ये अनिरुद्ध दत्ता-रॉय, प्रवीण कारंथ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की भारतातल्या युट्रोपिस जातींचे पूर्वज आग्नेय आशियातून भारतात आले आणि इथे त्यांच्या अनेक जाती झाल्या. बरणी ११६ आणि ११७ वरचे नाव ‘ऑफिओमोरस ट्रायडॅक्टिलस’ असे आहे. ही जात एडवर्ड ब्लिथ यांनी १८५३ मध्ये जगापुढे आणली. ते तेव्हा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळत होते. पण १९६६ मध्ये अँडरसन आणि लेव्हिटन यांनी निरनिराळ्या संग्रहालयांतले नमुने शेजारी शेजारी ठेवून या वंशाची फेरतपासणी केली आणि सिंधकडच्या प्राण्यांना ‘ऑफिओमोरस राइथमाय’ ही वेगळी जात ठरवले. थरमधले आता तेच मानतात. आमच्याकडे सरांनी १९३५ च्या जुन्या ग्रंथावरून नाव लिहिले होते, ते चुकीचे ठरले. नाव चुकले तरी बिघडत नाही, कारण चिठ्ठीवर ‘ओसियां, ऑक्टोबर १९८३’ आहे. नाव नंतर कोणीही दुरुस्त करील. ठिकाण गेले तर ते पुन्हा कोण सांगणार?

तिसरी गोष्ट जनुकीय वैविध्याची, आणि इथे त्या दोन सापसुरळ्यांना पर्याय नाही. वाळूत पोहणाऱ्या प्राण्याला टणक, खडकाळ जमीन ओलांडणे अवघड. एका वाळूपट्ट्यातल्या सापसुरळ्या आणि दुसऱ्या पट्ट्यातल्या सापसुरळ्या यांच्यात ती समुद्रासारखी आडवी येते. अशा पट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या राहिलेल्या प्राण्यांत किती फरक पडला, हे पेशीतल्या तंतुकणिकांमधल्या, फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएवरून आणि केंद्रकातल्या जनुकांवरून मोजता येते. इशान अग्रवाल आणि उमा रामकृष्णन यांनी २०१७ मध्ये उघड्या माळरानांवरच्या ऑफिसॉप्स या सरड्यांबाबत असेच काम केले, तेव्हा नाव असलेल्या जातींपेक्षा कितीतरी अधिक वेगळ्या शाखा हाती आल्या. पण असा फरक मोजायला त्या त्या जागेचे प्राणी लागतात, आणि ती जागा बदलत आहे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या आणि आता इंदिरा गांधी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कालव्याने थरच्या मोठ्या पट्ट्यात शेती आणली. फलोदीजवळ भडला येथे २,२४५ मेगावॉटचे सौर उद्यान उभे आहे. ओसियांच्या टेकड्यांवर पर्यटकांचे तंबू लागतात. कालवा, वीज, पर्यटन यांना माझा विरोध नाही. मी एवढेच म्हणते की १९८३ ची ओसियांची वाळू आता कोणाला खणता येणार नाही, आणि त्या वाळूतले दोन जीव, जनुकांसकट, आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात आहेत.

आणि हे सगळे परप्रांतातले, असेही समजू नये. १९७० मध्ये आर. सी. शर्मा यांनी पुण्याच्या कात्रज घाटातून एका नव्या सापसुरळीचे वर्णन केले. आज तिला युरिलेपिस पूनाएन्सिस म्हणतात. तिची जवळची नातलग, युरिलेपिस टीनिओलेटस, अरबस्तानापासून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत वायव्य भारताच्या कोरड्या भागापर्यंत राहते. रुक्ष वायव्येतल्या घराण्याची एक शाखा कात्रजला कशी आली, याचे उत्तर मधल्या प्रदेशातल्या नमुन्यांखेरीज मिळणार नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या कपाटात ‘सापसुरळी’ एवढ्याच नावाने तसा नमुना पडून असेल, ही शक्यता मला कल्पनाविलास वाटत नाही.

आता तक्रारी.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की, काय टाकले जात आहे याची यादी न करता टाकण्याचा निर्णय झाला. आपल्या ठरावात ‘जुने व निरुपयोगी नमुने’ एवढाच उल्लेख आहे. ते निरुपयोगी आहेत हे कोणी ठरवले, नोंदवही उघडून पाहिली का, विभागातल्या एकाही शिक्षकाचे लेखी मत घेतले का, याचा कुठेही पत्ता नाही. मी एप्रिलमध्ये स्वतः येऊन विचारले तेव्हा नोंदवही कुठे आहे हेच कोणाला सांगता आले नाही. निवृत्तीच्या वेळी मी तिच्यातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या नऊ पानांच्या झेरॉक्स प्रती काढून घेतल्या होत्या. बेडूक, मासे, खेकडे, कीटक यांची पाने माझ्याकडे नाहीत, आणि मूळ वही गेली तर त्या सर्व बरण्या आंधळ्या होतील.

दुसरी तक्रार तातडीची आहे. सुमारे चाळीस बरण्या याआधीच रिकाम्या करून, धुऊन, चिठ्ठ्या खरवडून काढण्यात आल्या आहेत. त्यांतल्या तीन कार्यालयाच्या खिडकीत मनी प्लांट लावून ठेवलेल्या मी पाहिल्या. बरण्या चांगल्या जाड काचेच्या आहेत, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. पण आतल्या प्राण्यांचे काय झाले, आणि त्यांचे क्रमांक कोणते होते?

तिसरी गोष्ट आगीच्या धोक्याची, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. फायर ऑडिटमध्ये ज्वलनशील द्रवाबद्दल शेरा आला, तो योग्यच होता. स्पिरिट पेटते. २०१० मध्ये साओ पावलोच्या बुटांटन संस्थेतला सापांचा प्रचंड संग्रह आगीत गेला, २०१६ मध्ये दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय जळाले. फॉर्मॅलिनही आरोग्याला घातक आहे; ३४ वर्षे हाताळल्यावर ते मला कोणी सांगायला नको. परंतु ऑडिटच्या शेऱ्याचे उत्तर पोलादी कपाट, वेगळी हवेशीर खोली, वाळूच्या बादल्या, नवे वायरिंग आणि स्पिरिटचा मोजका साठा हे आहे. किंवा हे जिथे आधीपासून आहे तिथे नमुने पाठवणे. नष्ट करणे हे त्याचे उत्तर नव्हे.

चौथे, मला असे सांगण्यात आले की विच्छेदन बंद झाल्यामुळे नमुन्यांची गरज उरली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि एक प्रयोगशाळा सहायक म्हणून बेडकांनी भरलेली टोपली रिकामी झाल्याचा आनंद बहुधा सर्वांत जास्त मला झाला. पण नवे प्राणी मारायचे नाहीत असे ठरल्यावर जुने जपण्याचे कारण वाढते, कमी होत नाही.

पाचवी तक्रार लहान आहे. वर उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीने बरणी ११७ मधला ऊतीचा तुकडा अभ्यासासाठी मागणारा रीतसर अर्ज २०१९ मध्येच केला होता. तिला नकार कळवला असता तरी चालले असते. उत्तरच दिले गेले नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

ठेकेदाराकडे बरण्या देण्याचे काम आजच्या आज लेखी आदेशाने थांबवावे. नोंदवहीचा शोध घेऊन तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे आणि ते विभागाकडे, ग्रंथालयाकडे आणि आपल्या कार्यालयात असे तीन ठिकाणी ठेवावे. त्यानंतर विभागातले दोन शिक्षक आणि बाहेरचा एक जाणकार यांनी बरण्यांची यादी करावी आणि ठिकाण-तारीख असलेले नमुने व नसलेले नमुने असे दोन भाग पाडावेत. दुसऱ्या भागाचे काय करायचे ते आपण ठरवावे, माझी हरकत असणार नाही. पहिला भाग सांभाळणे महाविद्यालयाला शक्य नसेल, तर तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या आकुर्डी, पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्राला देऊ करणारे पत्र पाठवावे. पहिली संस्था १८८३ पासून आणि दुसरी १९१६ पासून हेच काम करते. सोसायटीचे कार्यालय तर आपल्यापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. त्या संस्था सगळेच घेतील असे नाही. पण काय घ्यायचे आणि काय नाही हे बघून सांगण्याची संधी त्यांना मिळावी. रिकाम्या केलेल्या चाळीस बरण्यांचे क्रमांक आणि त्यांतल्या नमुन्यांची विल्हेवाट कशी लागली, हे जाहीर करावे. चिठ्ठ्या कुठे कागदात गुंडाळून ठेवल्या असतील तर त्या ओल्या असल्या तरी फेकू नयेत.

यासाठी लागणारा वेळ मी देईन. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी ११ ते २, विनामोबदला येऊन चिठ्ठ्या वाचून देण्याची, नऊ पानांच्या झेरॉक्सशी ताडून पाहण्याची आणि माझ्या हातचे अक्षर कोणते व सरांच्या हातचे कोणते हे सांगण्याची माझी तयारी आहे. माझे वय ७० झाले आहे, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये, अशी विनंती आहे. संगणक कक्षाला माझा विरोध नाही, हेही नमूद करते. तळमजल्यावर जुन्या जिमखान्याची खोली रिकामी आहे. कपाटे तिथे हलवली तर दोन्ही कामे होऊ शकतील. अर्थात जागेचा निर्णय आपला.

एक काम मात्र यादीची आणि बैठकीची वाट पाहू शकत नाही. एप्रिलमध्ये मी पाहिले तेव्हा बरणी क्रमांक ११७ मधल्या स्पिरिटची पातळी दोन्ही सापसुरळ्यांच्या पाठीच्या खाली गेली होती आणि एकीची शेपटी कोरडी पडू लागली होती. त्या बरणीत पाणी न घालता कडक स्पिरिटच भरायचे आहे. पाऊण लिटर पुरेल. विभागाच्या कपाटात ते आहे, आणि किल्ली लिपिकांकडे. मला कोणत्याही दिवशी दहा मिनिटे खोली उघडून द्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
चरई, ठाणे